पोहण्याच्या टँकच्या पाण्यानं केस हिरवट, तांबूस का होतात आणि ते कसं रोखायचं

कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलेली अडचण थोडक्यात अशी. मुलगी १२ वर्षांची, एप्रिलपासून रोज सकाळच्या बॅचला पोहायला जाते. तिचे काळेभोर केस दोन महिन्यांत तांबूस आणि राठ झाले आहेत. आई संध्याकाळी महिलांच्या बॅचला जाते. तिच्या हायलाइट केलेल्या बटा आणि कानशिलावरचे पांढरे केस हिरवट दिसू लागले आहेत. पार्लरवाली म्हणते ब्लीच करून पुन्हा रंग लावू, सासूबाई म्हणतात काळी मेंदी लावा, शेजारी म्हणतात पोहणंच बंद करा.

ताई, पोहणं बंद करायचं काहीच कारण नाही. ज्या कोल्हापुरानं वीरधवल खाडेसारखा ऑलिंपिकपटू दिला, तिथल्या मुलीनं केसांसाठी पाणी सोडावं हे मनाला पटत नाही. आणि ब्लीच तर अजिबात करू नका, निदान पुढचं सगळं वाचेपर्यंत तरी नाही. तुमच्या घरात दोन वेगळे बिघाड आहेत. दोन्ही त्याच टँकमधून आले असले तरी कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे.

आधी तुमचा हिरवा रंग. सगळे क्लोरीनला दोष देतात, पण क्लोरीन केसाला हिरवं करत नाही. हिरवं करतं ते तांबं. टँकच्या पाण्यात तांबं दोन वाटांनी येतं. पहिली वाट मोरचुदाची. शेवाळ धरू नये म्हणून अनेक ठिकाणी पाण्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकतात, तेच मोरचूद जे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला लागतं. दुसरी वाट म्हणजे पाणी गरम करणाऱ्या यंत्रातली तांब्याची नळी. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (आकडा कमी तितकं पाणी आंबट), ७.२ च्या खाली गेला की पाणी ती नळी खाऊ लागतं. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसाच हा प्रकार. ट्रायक्लोरो जातीच्या क्लोरीनच्या गोळ्या मुळात आम्लधर्मी असतात. त्या रोज टाकत राहिलं आणि सोडा अॅश (धुण्याचा सोडा) घालून पीएच सावरला नाही, तर पाणी हळूहळू आंबट होत जातं.

मोरचुदाचा हिशोब एकदा नीट समजून घेण्यासारखा आहे. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल टँकमध्ये पावणेचार लाख लिटर पाणी बसतं. १ किलो मोरचुदात साधारण २५५ ग्रॅम तांबं असतं. म्हणजे एकदा १ किलो टाकलं की लिटरमागे सुमारे ०.७ मिलिग्रॅम तांबं झालं. ऐकायला थोडं वाटतं, पण तांबं उडून जात नाही. क्लोरीन उन्हानं काही तासांत संपतं आणि मे महिन्यात पाण्याची वाफही होते, तांबं मात्र टँकमध्येच राहतं. थोडं गाळात बसतं, बाकीचं साचत जातं. वरून नवं पाणी भरलं आणि पुन्हा मोरचूद टाकलं की आकडा चढतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला कुणाला काही होत नाही आणि मेअखेरीस एकदम तक्रारी सुरू होतात.

आता ते तांबं केसाला का चिकटतं? केस ब्लीच केला की त्यातले गंधकाचे बंध तुटून ऋण भाराच्या जागा तयार होतात. पाण्यातल्या तांब्याचा भार धन असतो, ते त्या जागांवर जाऊन घट्ट बसतं. हायलाइट केलेल्या बटा म्हणजे ब्लीच झालेला केस, त्यामुळे त्या सगळ्यात आधी धरतात. पांढऱ्या केसात स्वतःचा रंग नसल्यानं तिथे थोडंसं तांबंही उठून दिसतं. काळ्या केसालाही तांबं चिकटतं बरं, फक्त दिसत नाही. केस खरखरीत लागतो, गुंता होतो, विंचरताना ओढ बसते, एवढंच जाणवतं.

मुलीचं प्रकरण वेगळं आहे. तिथे काम केलंय ते क्लोरीननं आणि उन्हानं. पाण्यातलं क्लोरीन प्रामुख्यानं हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतं. केसावरची खवल्यांची साल झिजली की ते आत शिरतं आणि काळा रंग देणाऱ्या मेलॅनिनचं ऑक्सिडीकरण करतं. जपानमधल्या अव्वल जलतरणपटूंच्या केसांवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता, त्यातही हेच दिसलं: साल घासून गेलेली आणि आतलं मेलॅनिन खराब झालेलं. त्यांचेही केस मुळात आपल्यासारखेच काळे. त्यात मुली पोहून झाल्यावर ओले केस मोकळे सोडून स्कूटीवर उन्हात वाळवत घरी येतात. क्लोरीन अजून केसात आहे आणि वरून ऊन, असा दुहेरी मार बसतो.

यातली कडू गोष्ट आधीच सांगते. हिरवा रंग काढता येतो, कारण तांबं वरून येऊन चिकटलेलं आहे. गेलेलं मेलॅनिन मात्र परत येत नाही. तांबूस झालेला केस कुठल्याही तेलानं, पॅकनं पुन्हा काळा होणार नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. टोकं थोडी थोडी कापत राहायची आणि नवा केस जपायचा, हाच मार्ग. १२ वर्षांच्या मुलीला केसांचा रंग किंवा काळी मेंदी लावू नका. बाजारातल्या काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची अॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते.

हिरवेपणा टँकचाच आहे ना, तेही तपासा. टोकांकडे जास्त, मुळाशी कमी आणि ब्लीच झालेल्या बटांत ठळक असेल, तर तांबं समजायचं. मेंदीवर नीळ (इंडिगोची पूड) लावणाऱ्यांच्या पांढऱ्या केसांत कधी नुसत्या निळीमुळेच हिरवट झाक राहते. राखाडी छटेचे तयार रंगही उतरताना तशीच झाक दाखवतात, कारण त्यातला निळा भाग आणि केसाचा पिवळेपणा एकत्र दिसतो. आणि आपल्याकडे एक खास शक्यता विसरू नका, ती म्हणजे घरातला तांब्याचा बंब. पाणी रात्रभर बंबात राहत असेल, आत हिरवा कळंक धरलेला असेल आणि त्याच पाण्यानं डोकं धुतलं जात असेल, तर टँकला न जाताही केस हिरवे होऊ शकतात. मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्यात हे जास्त होतं. बंब आतून स्वच्छ करा, सकाळचं पहिलं पाणी काढून टाका आणि डोक्यावरून घ्यायला ताजं तापवलेलं पाणी वापरा.

आता बचावाचं. सगळ्यात जास्त फरक पडतो तो पाण्यात उतरण्याआधीच्या १० मिनिटांत, नंतरच्या महागड्या शाम्पूनं नाही. कोरडा केस आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी शोषतो. ते पाणी टँकचं असायचं की नळाचं, हे आपल्या हातात आहे. म्हणून टोपी घालण्याआधी केस साध्या पाण्यानं २ ते ३ मिनिटं चिंब भिजवा, मुळापासून टोकापर्यंत, वेणी सोडून. वरवर चार तांबे ओतून भागत नाही, जाड केसांत मधला भाग कोरडाच राहतो. बोटांनी उघडून पाणी आत जाऊ द्या. काही ठिकाणी शॉवरला टँकचंच पाणी फिरवलेलं असतं, वासावरून कळतं. तसं असेल तर घरून २ लिटरची एक बाटली भरून न्या: एक लिटर आधी, एक लिटर नंतर.

चिंब केसावर कंडिशनर चोळा. खांद्यापर्यंत केस असतील तर एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली. कंबरेपर्यंत असतील तर १० ते १२ मिली. रोजचा धुऊन टाकायचा कंडिशनरही चालतो, फक्त धुवायचा नाही. बाटलीवर डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन लिहिलेलं असेल तर उत्तम, त्याचा पातळ थर पाणी अडवतो. मुळाशी लावू नका, कानाच्या खालून टोकांपर्यंत पुरे. जास्त थापलं तर टोपी घसरते आणि कंडिशनर टँकमध्ये उतरतो.

खोबरेल तेलाबद्दल दोन टोकाची मतं असतात. खोबरेल खरोखरच केसाच्या आत शिरतं, खनिज तेल शिरत नाही. आत शिरलेलं खोबरेल केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पण ते आत जायला वेळ लागतो. टँकच्या दारात उभं राहून डोक्यावर तेल थापण्याचा फायदा केसाला कमी आणि त्रास टँकला जास्त. तेल पाण्यावर तरंगतं, काठाला चिकट रेघ धरते, वाळूचं फिल्टर तुंबतं आणि क्लोरीन तेल जाळण्यातच खर्च होतं. म्हणून टँकवाले तेलाला मनाई करतात ते योग्यच आहे. तेल लावायचं तर आदल्या रात्री: एक ते दीड चहाचा चमचा, तेही टोकांकडच्या अर्ध्या भागाला. सकाळी हात फिरवला तर बोटाला तेल लागता कामा नये. लागलं, तर प्रमाण कमी करा.

टोपी सिलिकॉनची घ्या. कापडी लायक्राच्या टोपीतून पाणी आरपार जातं, तिचा उपयोग केस एकत्र ठेवण्यापुरता. लॅटेक्सची टोपी स्वस्त असते, पण केस ओढते आणि काहींना तिची अॅलर्जी असते. मुलीचे केस लांब असतील तर लांब केसांसाठीची मोठी टोपी मागून घ्या. साधी टोपी ओढूनताणून बसवली की काठ वर चढतो आणि मानेवरचे केस उघडे पडतात. अंबाडा माथ्यावर घालू नका. सैल वेणी घालून ती डोक्याच्या मागच्या भागावर चपटी गुंडाळा. धातूच्या पिना नकोत, टोपी फाटते. कपाळावर काठ भुवयांच्या दोन बोटं वर, कान पूर्ण आत.

टोपीत पाणी शिरतं म्हणून ती निरुपयोगी आहे, असं पुष्कळांना वाटतं. कुठलीच टोपी पाणी पूर्ण अडवत नाही. तिचं काम असं की आत शिरलेलं थोडंसं पाणी तिथेच थांबतं, सतत नवं क्लोरीन आणि नवं तांबं केसावरून वाहत नाही आणि पाण्याचं घर्षण केसाला लागत नाही. आतले केस आधीच साध्या पाण्यानं भरलेले असतील तर शिरलेल्या पाण्याला जागाच उरत नाही. भिजवणं आणि टोपी ही जोडी आहे, एकटीदुकटी अर्धंच काम करते.

वेळेचाही विचार करा. बऱ्याच ठिकाणी क्लोरीनचा मोठा डोस रात्री टाकतात, त्यामुळे पहाटेच्या पहिल्या बॅचला ते सर्वांत जास्त असतं. उघड्या टँकमध्ये ऊन वर आलं की ते उतरतं. पण ११ ते ४ च्या उन्हात पोहणं केसाला आणि कातडीला दोन्हीला वाईट. जमलं तर सकाळची दुसरी बॅच घ्या. आणि डोळे झोंबणारा तो उग्र वास आला की क्लोरीन जास्त झालं असं लोक समजतात. तो वास बहुतेक वेळा घाम आणि लघवीशी क्लोरीन मिसळून झालेल्या क्लोरामाइनचा असतो. मुलांना आधी अंघोळ घालून उतरवणं एवढ्यासाठीच महत्त्वाचं.

बाहेर आल्यावर टोपी काढली की लगेच डोकं साध्या पाण्यानं धुवा. घरी जाऊन बघू, असं नको. केस वाळत गेला की त्यातलं पाणी उडतं आणि क्लोरीन, तांबं, क्षार आत दाट होत जातात. मग क जीवनसत्त्वाचं पाणी फवारा. अर्धा लिटर पाण्यात १ ग्रॅम, म्हणजे पाव चहाचा चमचा, सोडियम अॅस्कॉर्बेटची पूड. केसात उरलेलं क्लोरीन मिलिग्रॅमच्या घरात असतं आणि त्याला मारायला त्याच्या अडीचपट अॅस्कॉर्बिक आम्ल पुरतं, त्यामुळे जास्त पूड टाकून काही मिळत नाही. साधं अॅस्कॉर्बिक आम्लही चालतं, पण ते आंबट असतं, रंगवलेल्या केसांचा रंग थोडा उतरवू शकतं. चघळायच्या नारिंगी गोळ्या विरघळवू नका, त्यात साखर आणि रंग असतो. पाणी रोज ताजं करा, पिवळं पडलं की टाकून द्या. २ मिनिटं थांबून धुवा. माशांच्या टाकीसाठी मिळणारा हायपोही क्लोरीन मारतो, पण मुलांच्या डोक्यावर क जीवनसत्त्वच बरं.

मुलीसाठी रोज एवढं पुरे: फवारा, धुणं, कंडिशनर. शाम्पू एक दिवसाआड, सौम्य. ओल्या केसांना शिकेकाईची पूड चोळू नका. ओला केस फुगलेला असतो आणि पुडीचे कण साल घासतात. शिकेकाई हवीच असेल तर उकळून, गाळून फक्त पाणी घ्या. मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर विंचरा. स्कूटीवर बसताना केसांवर ओढणी.

आता तुमच्या बटा. यासाठी चिलेटिंग शाम्पू लागतो. धातूला पकडून पाण्याबरोबर वाहून नेणारा घटक त्यात असतो: इडीटीए, फायटिक आम्ल किंवा सोडियम ग्लुकोनेट. जवळपास प्रत्येक शाम्पूत इडीटीए असतं, पण यादीच्या शेपटाला, नावापुरतं. ते यादीच्या पहिल्या अर्ध्यात असेल तोच शाम्पू घ्या. केस कोमट पाण्यानं भिजवा, १० ते १५ मिली शाम्पू हिरव्या भागावर चोळा, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून ५ मिनिटं ठेवा, धुवा, पुन्हा एकदा तसंच करा. मग कंडिशनर ५ मिनिटं. तीन-चार दिवसांच्या अंतरानं असं तीनदा करा. घरी बोअरचं जड पाणी असेल तर इडीटीए त्यातल्या कॅल्शियमला पकडण्यातच संपतं आणि तांब्याला हातच लागत नाही. बादलीला पांढरा थर धरत असेल तर या धुण्यापुरतं नळाचं किंवा आरओचं पाणी वापरा. रंग गेल्यावर आठवड्यातून एकदा पुरे, रोज वापरला तर केस कोरडा होतो.

हा शाम्पू मिळेपर्यंत किराण्यातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, चालेल, तेही तांब्याला पकडतं. १ लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा, बटांवर ३ ते ४ मिनिटं, डोळे सांभाळून, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. टोमॅटोचा रसही याच कारणानं थोडाफार काम करतो, पण हळू आणि अर्धवट. लिंबू लावून उन्हात बसू नका, केस आणखी फिका होईल. खाण्याचा सोडा तर नकोच. तो अल्कधर्मी आहे, केसाची साल उघडतो आणि राठपणा वाढवतो.

आणि ब्लीच नको का म्हटलं, ते आता. केसात तांबं असताना त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं की तांबं उत्प्रेरकाचं काम करतं. पेरॉक्साइड एकदम फुटतं, उष्णता निर्माण होते आणि केस तिथल्या तिथे तुटू शकतो. कायमच्या रंगातही पेरॉक्साइड असतं, म्हणजे धोका तोच. पार्लरमध्ये आधी चाचणी करायला सांगा. हिरव्या भागातले थोडे केस कापून दोऱ्यानं बांधा. काचेच्या पेल्यात ३० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर (पेरॉक्साइडचं द्रावण) आणि २८ टक्के अमोनियाचे २० थेंब घेऊन त्यात ते ३० मिनिटं ठेवा, खिडकी उघडी ठेवून. फेस, ऊब, उग्र वास किंवा ओढल्यावर तुटणारा केस, यातलं काहीही दिसलं तर रंग लावायचा नाही, आधी धातू काढायचा. लाल छटेचा रंग लावून हिरवं झाकता येतं हे खरं, कारण लाल हिरव्याला मारतो. पण खाली तांबं तसंच राहतं. मेंदीचंही तेच, शिवाय रंग गढूळ येतो. नीळ लावली असेल तर क्लोरीन निळीचा रंग आधी उडवतं आणि खालची मेंदी तांबडी दिसू लागते. पोहण्याचा हंगाम संपल्यावरच हे करा.

केस मधूनच तुटत असतील तर ते क्लोरीनचं काम. पण मुळासकट गळत असतील, गोल चकत्या पडल्या असतील किंवा डोक्याला खाज आणि कोंड्यासारखे पापुद्रे असतील, तर टँकला दोष देत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बुरशीचा संसर्ग निघू शकतो आणि तो घरातल्या दुसऱ्या मुलांना लागतो.

शेवटी टँकवरच्या माणसांशी बोला, भांडणाच्या सुरात नको. शेवाळासाठी काय टाकता, पीएच किती असतो, पाणी शेवटचं कधी बदललं, हे तीन प्रश्न विचारा. क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.६ राखला, भिंती रोज ब्रशनं घासल्या तर मोरचुदाची गरज फारशी पडत नाही. हवंच असेल तर तांबं नसलेलं शेवाळनाशक मिळतं. पायऱ्यांच्या कडेला निळसर-हिरवे डाग दिसले, तर पाण्यात तांबं साचल्याची ती खूण. तांबं मोजायच्या पट्ट्या मिळतात. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर दाखवलं तर फिक्या केसांना त्रास होणार असं धरून चाला. साचलेलं तांबं कमी करायचा खात्रीचा उपाय पाणी बदलण्याचाच: एक तृतीयांश पाणी काढून नवं भरलं की तांबं तेवढ्याच प्रमाणात उतरतं. ०.९ असेल तर एकदा बदलून ०.६, दुसऱ्यांदा ०.४, आणि तिसऱ्यांदा ते ०.३ च्या खाली येतं.